प्रॉमिस : वचन की वायदा?

रेवा_नाशिक
जावास्क्रिप्ट या प्रोग्रामिंग भाषेतल्या 'प्रॉमिस'वर, म्हणजे नंतर मिळणाऱ्या उत्तराच्या हमीवर, कॉलेजच्या मुलांसाठी मराठीत टिपण लिहितेय. 'वचन' म्हटलं की दशरथ-कैकेयीच आठवतात. दुसरा बरा शब्द सुचवा. पेंडिंग, फुलफिल्ड, रिजेक्टेड, सेटल्ड या त्याच्या अवस्थांचंही बघायचंय.

भाऊ_ठाणेकर
वायदा. "सोमवारी देतो" म्हणतो तो वायदा. पैसे अजून हातात नाहीत, पण त्या भरवशावर पुढचे व्यवहार ठरतात. 'फेच'ने सर्व्हरकडे काही मागितल्यावर तसंच होतं : सर्व्हरचं उत्तर लगेच येत नाही, वायदा येतो. उत्तर आल्यावर करायचं पुढचं काम 'देन' या मेथडने त्याला जोडून ठेवायचं.
गंमत म्हणजे 2013 मध्ये डॉमच्या (ब्राउझरमधल्या पानाच्या रचनेच्या) स्पेसिफिकेशनमध्ये ही सोय आधी 'फ्यूचर' नावाने होती, नंतर 'प्रॉमिस' झाली. 2014 मध्ये क्रोम 32 आणि फायरफॉक्स 29 मध्ये आली ती या नव्या नावानेच. आपल्या वायद्यात दोन्ही अर्थ बसतात. वायदेबाजार म्हणजे फ्यूचर्सच की!

मृणाल
भाऊ, वायद्याला मुदत असते. प्रॉमिसला कुठे आहे? मुदत हवी तर फेचला ॲबॉर्टसिग्नल (काम रद्द करायचा इशारा) वेगळा द्यावा लागतो. रद्द करायची सोय प्रॉमिसमध्येच आणायचा प्रस्ताव 2016 च्या अखेरीस मागे घेतला गेला. मी तरी 'प्रॉमिस'च ठेवीन.

भाऊ_ठाणेकर
मुद्दा रास्त आहे. पण बिनमुदतीचे वायदे आपल्याकडे काय कमी आहेत? घराचा ताबा मागून बघा!

रेवा_नाशिक
वायदा आवडला. मग रिजेक्टेड म्हणजे 'फेटाळलेला' ना?

मृणाल
नको गं. फेटाळतो तो समोरचा. इथे ज्याने द्यायचं त्याच्याकडूनच नकार येतो, म्हणून 'मोडला'. फुलफिल्ड 'पुरा', पेंडिंग 'प्रलंबित'. सेटल्डला 'निकाली' अगदी चपखल आहे : पुरा झाला किंवा मोडला, पण आता बदलणार नाही.
मुलांना एक मात्र बजावून सांग. फेचला 404 ('सापडलं नाही') आला तरी वायदा पुराच धरतात, कारण उत्तर आलं. ते उत्तर कामाचं आहे का, हे उत्तरातलं 'ओके' तपासून आपण ठरवायचं. नेटवर्कच तुटलं तर मोडतो.

भाऊ_ठाणेकर
आणि 'रिझॉल्व्ड'ला 'पुरा' लिहू नका, तिथे भलेभले घसरतात. वायदा निकाली काढणाऱ्या 'रिझॉल्व' फंक्शनला साधी किंमत दिली तर वायदा तिथेच पुरा. दुसरं प्रॉमिस दिलं, तर पहिल्याचं भवितव्य त्याच्या हाती जातं आणि तोवर हा रिझॉल्व्ड असूनही प्रलंबित राहतो. कोर्टात प्रकरण 'वर्ग' होतं तसं. मी तिथे सरळ 'वर्ग केलेला' म्हणेन.

रेवा_नाशिक
वा! आणि 2017 च्या मानकात आलेल्या, वायदा निकाली निघेपर्यंत वाट बघणाऱ्या 'ॲवेट'ला 'थांब' चालेल?

मृणाल
मुलांना वाटेल, अख्खं पान थांबलं. थांबतं ते फक्त तेवढं फंक्शन. स्क्रोल होतं, बटणं दाबली जातात. 'आल्यावर पुढे' असं काहीतरी बघ, नाहीतर 'ॲवेट'च राहू दे.