मदत हवी आहे: बहीण जळगावला विद्यापीठाच्या वसतिगृहात आहे. रविवारी जेवायचं कुठे, खरेदी कुठे, आई-आबांना कुठे न्यायचं?

मिरचीचं_वावर

नमस्कार मंडळी. आम्ही नंदुरबारजवळच्या खेड्यातले. घरी मिरची आणि कापूस. धाकट्या बहिणीला यंदा जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात एम.एस्सी. केमिस्ट्रीला प्रवेश मिळाला. कॅम्पसवरच मुलींच्या वसतिगृहात खोलीही मिळाली. आमच्या घरातून पदवीच्या पुढे शिकणारी ती पहिलीच, त्यामुळे कोणाला विचारावं असं नात्यात माणूस नाही. म्हणून इथे लिहितोय.

गेल्या रविवारी रात्री फोन केला. जेवलीस का विचारलं, तर हो म्हणाली. काय जेवलीस विचारलं, तर गप्प. मग हळूच म्हणाली, "मुरमुरे खाल्ले दादा. आईने दिलेली शेंगदाण्याची चटणी टाकली, वरून कच्चं तेल. छान लागले." रविवारी संध्याकाळी मेस बंद असते, हे तिने आम्हाला सांगितलंच नव्हतं. हा तिचा तिसरा रविवार. डब्यातली चटणी आता तळाला गेली असणार, हे मला फोनवरच कळलं. आईला अजून सांगितलेलं नाही.

तिची अडचण अशी आहे. विद्यापीठ शहरात नाही. धुळ्याकडच्या महामार्गावर, गिरणेच्या काठाला, गावापासून नऊ-दहा किलोमीटरवर. कॅम्पस ६५० एकरांचा. वसतिगृहातून गेटपर्यंत यायचं म्हटलं तरी चांगलं चालावं लागतं, आणि गेटबाहेर ट्रक धावतात. संध्याकाळी एकटीने बाहेर पडायची तिची हिंमत होत नाही आणि मीही तिला पड म्हणणार नाही. प्रवेशाच्या दिवशी आम्ही दोघं महामार्गावरच्या एका ढाब्यावर जेवलो होतो. तासभर बसवून ठेवलं, शेवभाजीत तेलाचा थर बोटभर, आणि बिलात न मागवलेला पापड. तिथे तिने एकटीने किंवा मैत्रिणींसोबत जावं असं मला वाटत नाही.

तर रविवारची सोय काय करावी? गादी, चादरी, बादली, प्रयोगशाळेचा कोट हे सगळं शहरात कुठे मिळेल? नंदुरबारहून ओझं नेणं होत नाही. आणि पुढच्या महिन्यात एका रविवारी आई-आबांना घेऊन तिला भेटायला जायचंय. आबा सत्तरीला टेकलेत, आई माळकरी आहे. दोघांनी जळगाव कधी नीट पाहिलेलं नाही. दिवसभर पोरीसोबत कुठे फिरावं, कुठे जेवावं?

आई तर आत्ताच म्हणते, "हाटेलमा कसाले? घरनी भाकर लई जाऊ." पण मला एक दिवस तिला आयतं ताट वाढलेलं बघायचंय.

---

गिरणाकाठ

भाऊ, मी त्याच वसतिगृहात दोन वर्षं काढली आहेत, त्यामुळे मुरमुऱ्यांचं वाचून गलबललं. आम्हीही तेच खायचो. पण यावर तोड आहे.

पहिली गोष्ट, शहरात रविवारी संध्याकाळी जायचंच नाही. सकाळी लवकर जायचं. आमच्या वेळी रविवारी दुपारी मेसमध्ये गोडाचं जेवण असायचं आणि मुली ते सोडून जायला तयार नसायच्या, म्हणून मग दुपारी जेवून निघायच्या आणि परतताना अंधार. तिला सांगा, महिन्यातून एक रविवार ते गोड जेवण सोडून दे. नऊला चौघी मिळून निघा, चारला परतीला लागा, रात्रीचं जेवण बांधून आणा.

बांधून आणताना शेवभाजी घेतली तर शेव वेगळी मागून घ्यायची. रस्सा वेगळा, शेव वेगळी. गाडीवाला एकत्र ओतायला जातो, त्याला थांबवायचं. एकत्र आणली तर खोलीवर पोचेपर्यंत लगदा होतो. आमच्याकडची शेव जाड आणि तिखट, ती पानात पडायच्या क्षणीच रश्शात टाकायची असते. रस्सा मेसच्या काकूंना विनंती करून गरम करून घ्यायचा, कारण खोलीत शेगडी चालत नाही. भाकरी तीन जास्त घ्यायच्या, सोमवारी सकाळी पुन्हा भूक लागतेच.

दुसरा मार्ग जास्त टिकाऊ आहे. विद्यापीठाकडून शहरात शिरताना खोटेनगर लागतं. तिथे बाहेरगावची बरीच मुलं खोल्या करून राहतात, त्यामुळे घरगुती डबे देणाऱ्या बायका त्या भागात मिळतात. फक्त रविवार संध्याकाळचा डबा द्याल का, असं सहा-सात जणींनी मिळून विचारलं तर कोणीतरी तयार होतं. एकटीचा डबा एवढ्या लांब कोणी पोचवत नाही, सातांचा पोचवतं. आमची सोय अशीच झाली होती. गेटवर घ्यायला सगळ्या एकत्र यायच्या, आणि जायची-यायची तीच आमची रविवारची मौज होती. त्या बाईंच्या हातच्या फुनक्यांची (डाळीचे वाफवलेले मुटके) आणि कढीची चव अजून जिभेवर आहे.

एसटीने जाणार असाल तर बायकांना १७ मार्च २०२३ पासून निम्मं तिकीट आहे, हे तिला माहीत असेलच. आबांचंही ज्येष्ठ नागरिक म्हणून निम्मंच लागेल, ओळखपत्र बरोबर ठेवा.

---

मेहरूणची_ताई

भाऊ, खरेदीचं मी सांगते, माझं सगळं आयुष्य जळगावात गेलंय.

कपडे, चादरी, पांघरुणं यासाठी महात्मा फुले मार्केट. गर्दी असते, भाव करावा लागतो, पहिल्या दुकानात घेऊ नका. मोबाइल, चार्जर, लॅपटॉपची दुरुस्ती हे सगळं गोलाणी मार्केटला. दोन्ही ठिकाणं एकमेकांपासून चालत जाण्यासारखी आहेत, त्यामुळे एकाच फेरीत काम होतं. फुले मार्केटमधून पुढे सुभाष चौकाकडे गेलात की सराफ बाजार. घ्यायचं नसलं तरी आईंना तिथून चालवत न्या. जळगावच्या सोन्याचं नाव आपल्याकडच्या प्रत्येक लग्नघरात निघतं, ते दुकानांची रांग बघितली की समजतं. गादी मात्र शेवटी घ्या आणि रिक्षा करूनच न्या. गादी घेऊन बाजारात हिंडायची चूक माझ्या भाचीने केली होती.

फिरायला म्हणाल तर मुलींनी संध्याकाळच्या आत बसावं अशी जागा म्हणजे काव्यरत्नावली चौक आणि तिथलं भाऊंचं उद्यान. माणसांची वर्दळ असते, घरच्या बायका-मुलं असतात, खायच्या गाड्या असतात. चौकाच्या नावाचं मला फार अप्रूप आहे. 'काव्यरत्नावली' नावाचं फक्त कवितेला वाहिलेलं मासिक नारायण नरसिंह फडणीस इथून काढायचे, १८८७ पासून जवळजवळ पन्नास वर्षं. याच गावात १९०७ साली कविसंमेलन भरलं आणि धरणगावच्या ठोंबऱ्यांच्या पोराला 'बालकवी' ही पदवी मिळाली. तुमची गाडी नंदुरबारहून येताना धरणगाववरूनच येते. बहीण केमिस्ट्रीची आहे, ठीक आहे, पण पोरीला हे ठाऊक असू द्या. परकं गाव असं थोडं थोडं ओळखीचं होत जातं.

आमचा मेहरूण तलावही आहे. सकाळी लोक चालायला येतात. पाणी भरलेलं असतं तेव्हा वाऱ्यावर बसायला बरं वाटतं. हिवाळ्यात आलात तर मेहरूणची बोरं नक्की घ्या, आमच्या बोरांचं नाव लांबपर्यंत आहे.

आणि एक. तुम्हाला व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. माझ्या घरी दोन मुली आहेत, एक हिच्याच वयाची. एखाद्या रविवारी तिने आमच्याकडे जेवायला यावं. आधी मी वसतिगृहावर जाऊन तिला भेटेन, तुमच्याशी फोनवर बोलेन, मग ठरवा. ओळखीशिवाय पाठवू नका, तेच बरोबर आहे.

---

मिरचीचं_वावर

ताई, व्यनि वाचला. काय लिहू सुचत नाही. आईला दाखवला, तिने दोनदा वाचून घेतला. गिरणाकाठ, सातजणींच्या डब्याचं बहिणीला लगेच कळवलं, तिच्या मजल्यावर आत्ताच पाच तयार आहेत.

एक अडचण सांगायची राहिली. आईचा चातुर्मास आहे. कांदा, लसूण, वांगं काही चालत नाही. सगळे मला भरीत खाऊ घाला म्हणतात, पण तिला काय खाऊ घालू?

---

केळीबाग

भो, मग भरताचं आत्ता मनातच आणू नका. तसंही भादव्यात भरीत खाण्यात अर्थ नाही. भरताचं वांगं हे थंडीचं. मोठं, हिरवट पांढरं, बिया कमी. जळगावच्या या वांग्याला भौगोलिक मानांकन आहे, केळीलाही आहे. बामणोदचं चांगलं की आसोद्याचं, यावर आमच्या घरात जेवताना वाद होतात. मी बामणोदच्या बाजूचा. कपाशीच्या नाहीतर तुरीच्या काड्यांवर भाजतात, साल काढून लाकडी भांड्यात ठेचतात, हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात. गॅसवर भाजलेल्याला तो धुराचा वास येत नाही, आणि मिक्सर लावला तर भरीत राहत नाही, पिठलं होतं. सोबत कळण्याची भाकरी, ज्वारीत उडीद आणि मीठ घालून दळलेली.

माऊलींचं वांगं सुटतं चंपाषष्ठीला. खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवला की मोकळं. मार्गशीर्षातली षष्ठी म्हणजे थंडीही पडलेली, वांगंही भरलेलं. तेव्हा पुन्हा एक फेरी करा. जळगावात त्या दिवसांत भरीत सेंटरवर रांगा असतात, किलोवर मिळतं.

आत्ता नेणार असाल तर वरण-बट्टी. बट्टी कणकेची, उकडून तळलेली नाहीतर भाजलेली, कुस्करून वर साधं वरण आणि तूप. वरणात लसूण नको हे हॉटेलात शिरल्याशिरल्या सांगायचं, ताट आल्यावर नाही. शक्य झालं तर आदल्या दिवशी फोन करून सांगा. सोबत वांग्याची घोटलेली भाजी येते, ती आबांच्या ताटात जाईल. आईंना बट्टी, तूप, गूळ. माझी आजी चार महिने असंच जेवायची आणि तृप्त असायची.

---

अजिंठा_चौफुली

दिवसभराचं म्हणाल तर जैन हिल्सवरचं गांधीतीर्थ, म्हणजे महात्मा गांधींवरचं संग्रहालय. शिरसोली रस्त्याला आहे, म्हणजे विद्यापीठाच्या पार दुसऱ्या बाजूला, तेव्हा रिक्षा नाहीतर गाडी ठरवूनच जा. २५ मार्च २०१२ रोजी तेव्हाच्या राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते उद्घाटन झालं. आतलं प्रदर्शन मराठीतून ऐकता येतं. माझे वडील सातवी शिकलेले, ते तिथे दोन तास हलले नाहीत.

आईंना देवदर्शन हवं असेल तर पद्मालय. ते एरंडोलजवळ, म्हणजे विद्यापीठाच्याच बाजूचं, शहरात शिरायचं कामच नाही. गाभाऱ्यात गणपतीच्या दोन मूर्ती, एक उजव्या सोंडेची, एक डाव्या, आणि समोर कमळांचं तळं. एका दिवसात दोन्ही करू नका. सत्तरीच्या माणसाला झेपणार नाही.

---

मिरचीचं_वावर

मंडळी, काल जाऊन आलो. सगळं लिहीत नाही, थोडक्यात सांगतो.

गांधीतीर्थ सोडलं, पद्मालय केलं. कमळं फुललेली होती. आई तळ्याकाठी अर्धा तास बसली. बहिणीने तिला वसतिगृहाच्या खोलीचे फोटो दाखवले, कोणत्या खिडकीतून काय दिसतं ते सांगितलं. येताना एरंडोलहून थेट विद्यापीठात गेलो. आबा कॅम्पसमधल्या रस्त्यावरून काठी टेकत गेटपर्यंत चालले आणि म्हणाले, एवढी जमीन पडीक नाही, पोरं पिकवतात इथे.

जेवण शहरातच केलं. आदल्या दिवशी फोन करून वरण बिनलसणाचं सांगितलं होतं. वाढणाऱ्या पोराने आईला विचारलं, "आजी, तूप अजून देऊ?" आईने मान हलवली नाही, ताटच पुढे सरकवलं. हॉटेलात जेवायची तिची ही पहिली वेळ. भाकरी घरून बांधून आणलीच होती. ती परतीच्या गाडीत आबांनी खाल्ली.

गादी आणि दोन चादरी फुले मार्केटहून घेतल्या, तिसऱ्या दुकानात. ताई, तुमच्या सांगण्याप्रमाणे गादी शेवटी. प्रयोगशाळेचा कोट मात्र तिच्या मापाचा मिळाला नाही. कोणाला शिवून देणारं दुकान माहीत असेल तर सांगा, खांद्यात लहान आणि उंचीला मोठा लागतो.

डब्याचं जमलंय, आठ जणी झाल्या. येत्या रविवारपासून सुरू.

चंपाषष्ठीच्या फेरीसाठी आत्तापासून विचारतो. त्या वेळी आमच्याकडे मिरची पथारीवर वाळत असते, घरातून सगळ्यांना निघता येणार नाही, आई आणि मी दोघंच येऊ. केळीबाग, बामणोदची वांगी बाजारात घेऊन ती काड्यांवर भाजून देणारं कोणी आहे का जळगावात? आईला भाजताना बघायचंय, आणि चार किलो भरीत वसतिगृहाच्या मजल्यावर न्यायचंय.