डिस्प्लेवर २१२, बिलात २६१. म्हणून लगेच 'चोरी'?

तारतंत्री (धागाकर्ता)

सोसायटीचा ग्रुप, शाळेचा ग्रुप आणि सासुरवाडीचा ग्रुप, तिन्हीकडून एकच मजकूर फिरून आला तेव्हा लिहायला बसलो. मूळ लेखक आपल्या इथलेच 'नाराज_ग्राहक'. त्यांनी घरच्या डीबीत (मेन स्विचच्या पेटीत) क्लॅम्पवालं, म्हणजे तारेभोवती चिमटा लावून वीज मोजणारं, मॉनिटर बसवलं. महिनाअखेर पडद्यावर २१२ युनिट, बिल मात्र २६१ चं. निष्कर्ष: "४९ युनिटची सरळ चोरी. घरटी ४९ धरा आणि राज्यभराचा हिशोब करा."

राज्यभराचा नंतर करू. आधी त्यांच्या घरचा करतो, कारण लागणारे सगळे फोटो त्यांनीच टाकलेत.

बिलावर मागचं रीडिंग आणि चालू रीडिंग यांच्यात ३३ दिवस आहेत. मॉनिटर १ तारखेला शून्यावर येतं आणि ३० ला थांबतं. २६१ ला ३३ ने भागलं तर दिवसाला ७.९, म्हणजे तीस दिवसांचे २३७. निम्मी 'चोरी' कॅलेंडरनेच केली.

आता अ‍ॅपच्या सेटिंगचा फोटो बघा. व्होल्टेजच्या रकान्यात २२० भरलंय. हा क्लॅम्प फक्त करंट मोजतो; व्होल्टेज आपण सांगू ते खरं मानतो आणि गुणाकार करून टाकतो. साहेबांचीच खाली तक्रार आहे की स्टॅबिलायझरवर कायम २४२ दिसतं. २२० भागिले २४२, म्हणजे पडदा नऊ टक्के कमी दाखवणार. २३७ मधून नऊ टक्के गेले की २१५-१६. राहता राहिले तीन-चार युनिट, त्यात वायफाय बंद असताना न नोंदलेले तास आले.

आणि हे आकडे इतके जुळतात यावर मीसुद्धा फार विसंबणार नाही, कारण चूक उलट्या बाजूनेही होते. असल्या यंत्राला पॉवर फॅक्टर, म्हणजे घेतलेल्या करंटपैकी प्रत्यक्ष कामी किती आला ते, कळत नाही. इन्व्हर्टर चार्जिंगला लागलाय, फ्रिज चालू आहे, स्वस्तातले एलईडी लागलेत, अशा वेळी पडदा खऱ्यापेक्षा जास्त दाखवतो. घरगुती मीटर वॅटच मोजतं. ज्यांच्या घरी डिस्प्ले बिलापेक्षा पुढे असतो ते 'कंपनीने मला फुकट वीज दिली' असं कुठल्या ग्रुपवर टाकत नाहीत.

रुपयांबद्दल तर बोलायलाच नको. अ‍ॅपमध्ये एकच दर भरलाय. इथे १०० युनिटनंतरचा दर पहिल्या टप्प्याच्या दुपटीहून जास्त, वर वहन आकार, स्थिर आकार, असेल तेव्हा इंधन समायोजन, आणि या सगळ्यावर १६ टक्के वीज शुल्क. ते बिचाऱ्या अ‍ॅपला कोण सांगणार?

---

नाराज_ग्राहक

वा, माझ्याच घरची उलटतपासणी! तीन गोष्टी.

एक, ३३ दिवसांचं बिल काढायला मी सांगितलं होतं का? जास्तीचे दिवस म्हणजे जास्तीचे युनिट महागड्या टप्प्यात. चोरी नाही तर काय म्हणायचं याला?

दोन, २४२ व्होल्ट हाही माझाच दोष?

तीन, तुमचं ते पवित्र मीटर बरोबर आहे हे तुम्ही गृहीतच धरलंत. आमच्याकडे २०२० च्या जूनमध्ये काय बिलं आली होती ते विसरलात का?

---

तारतंत्री

२३७ असो की २६१, दोन्ही १०१ ते ३०० च्याच टप्प्यात. या वेळी तरी टप्पा ओलांडलेला नाही. २९० चे ३१९ झाले असते तर मी तुमच्या बाजूने भांडलो असतो.

२०२० चं विसरलो नाही. मार्चपासून रीडिंग बंद, बिलं सरासरीने, आणि सरासरी कुठली? हिवाळ्यातली. एप्रिल-मे सगळे घरात, पंखे-एसी चोवीस तास. जूनमध्ये रीडिंग सुरू झाल्यावर तो सगळा फरक एकदम अंगावर आला. लोकांचा संताप खरा होता. पण ते उदाहरण मीटर वाचलं नाही तर काय होतं याचं आहे. मीटर खोटं असण्याचं नाही.

---

मेतकूट

तारतंत्री काका, हिशोब पटला. तुमचा सूर नाही पटला. माणसाला बिल कळत नाही ही माणसाची चूक, असा एकूण थाट आहे. मी दहावीला गणितात चांगली होते तरी मला ते बिल वाचता येत नाही.

आणि खरी लूट बघायची असेल तर सुरक्षा ठेव बघा. उन्हाळा आला की वेगळं बिल हातात, 'अतिरिक्त सुरक्षा ठेव'. का, तर गेल्या वर्षी तुम्ही जास्त वीज वापरलीत. पूर्वी एका महिन्याच्या सरासरीवर भागायचं, आता दोन महिन्यांची. माझी आई एकटी राहते, तिने ते नेहमीचं बिल समजून भरलं आणि नेहमीचं राहून गेलं. मग तोडणीची नोटीस. सत्तरीच्या बाईला!

---

तारतंत्री

ठेवीवर व्याज मिळतं, बिलात वजा होतं. आणि धागा डिस्प्लेचा आहे.

---

मेतकूट

व्याज मिळतं! आईला सांगते, पेढे वाटेल.

---

रेडिंगवासी

इकडे इंग्लंडात स्मार्ट मीटरबरोबर डिस्प्ले घरपोच मिळतो, आणि तो मीटरशीच बोलतो, त्यामुळे युनिटचा घोळ जवळपास नाही. तरी बिल जुळत नाहीच. रात्री बारा वाजले की काही न चालवता पडद्यावर पैसे दिसायला लागतात, तो रोजचा स्थायी आकार. दर बदलले आणि नवे दर डिस्प्लेत पोहोचलेच नाहीत तर तो जुन्याच दराने मोजत बसतो. गॅसचं तर विचारू नका. मीटर घनमीटर मोजतं, बिल किलोवॅट-तासात. मधला गुणाकार डिस्प्ले ठरावीक उष्मांक धरून करतो, कंपनी प्रत्यक्षातला धरते. सांगायचा मुद्दा, वीज कंपनीचाच डिस्प्ले लावलात तरी भांडण मिटत नाही.

---

भाडेकरू_३बी

तुमचं निदान मीटर तरी तुमच्या नावावर आहे. आम्ही पुण्यात कॉटबेसिसवर राहणारे. मालकाने प्रत्येक खोलीला बाजारातून आणलेलं सब-मीटर लावलंय, ना सील, ना कुणी तपासलेलं. दर युनिटला सरसकट १५ रुपये. बिल दाखवा म्हटलं की "तुला कळणार नाही". मी त्या प्लगमध्ये लावायच्या छोट्या मीटरने माझा लॅपटॉप, पंखा, इंडक्शन सगळं मोजलं. सब-मीटर दर महिन्याला त्याच्यापुढे. आता बोला.

---

वरचा_मजला

मी घरमालक आहे, त्यामुळे शिव्या खायला हजर आहे.

चार खोल्या, एक कनेक्शन. सगळ्यांचं मिळून ५०० च्या वर जातं. सगळ्यात वरच्या टप्प्याचा दर काय आहे ते तुम्ही कधी पाहिलंय का? त्यावर वहन आकार, त्यावर शुल्क. जिन्यातला दिवा, पाण्याची मोटर, ते कोण भरणार? १५ रुपये ऐकायला मोठे वाटतात. इंडक्शन लावायचा नाही असं ठरलेलं असताना लावतात, ते कुणी लिहीत नाही.

---

भाडेकरू_३बी

म्हणजे पहिले १०० स्वस्त युनिट तुमचे आणि शेवटचे महाग आमचे! चांगली वाटणी आहे. २००३ च्या वीज कायद्यानुसार परवान्याशिवाय वीज विकता येत नाही, माहिती आहे ना?

---

वरचा_मजला

विकत नाही, वाटून घेतो. कायदा शिकवायला आलात, तर स्वतंत्र मीटर घ्या की. अर्ज करा, मी सही देतो. मागचा एक भाडेकरू थकबाकी ठेवून गेला, ती जागेच्या नावावर राहिली आणि मी भरली. तेव्हा कुठे होता तुमचा कायदा?

---

मेतकूट

एकूण बिल भागिले एकूण युनिट, जो सरासरी दर येईल तो सगळ्यांना सारखा. मालकालाही. पाचवीतलं गणित आहे, यात कुणी कुणाला लुटत नाही. बिल मात्र भिंतीवर लावायचं.

---

वरचा_मजला

ताई, मग मोटरचं काय? चार सब-मीटरची बेरीज मुख्य मीटरच्या आकड्याला कधीच गाठत नाही. मोटर आणि जिना धरूनही दर महिन्याला तूट. ती मी माझ्या खिशातून भरतो. म्हणून १५.

---

तारतंत्री

विषय: घरगुती डिस्प्ले आणि बिल. भाडेकरू-मालक वादासाठी वेगळा धागा काढावा ही नम्र विनंती.

---

तारजोडणी_कोल्हापूर

ओ साहेब, थांबा की जरा, ह्यो तोच विषय हाय. वीस वर्सं वायरिंग करतोय.

मालक, तुमची सब-मीटरं कुणी लावली? आणि न्यूट्रल, म्हंजी करंट परत जायची तार, कुठनं घेतली? लई ठिकाणी मी बगतो, फेज सब-मीटरमधनं आनि न्यूट्रल शेजारच्या खोलीची, जवळ पडती म्हणून. ते साधं सब-मीटर फेजवरच मोजतंय का न्यूट्रलवर, ते कुणी बगत न्हाई.

आता मेन मीटरचं ऐका. आपल्याकडचं मीटर फेज आनि न्यूट्रल दोन्हीतला करंट बगतं. दोन्हीत फरक दिसला की जो जास्त त्याच्यावर युनिट टाकतं. चोरी पकडायसाठी केलंय ते. पण तुमची न्यूट्रल दुसऱ्या कनेक्शनच्या न्यूट्रलला कुठं चिकटली असली, तर त्याचा भार तुमच्या मीटरवर चढतोय. आनि गिझर नायतर मोटर बॉडीला लीक असली तर फेज जास्त. मीटरवर 'ई/एल' लिवलेला दिवा असतो, अर्थचा. त्यो पेटलाय का बगून सांगा. पेटला असंल तर क्लॅम्प, डिस्प्ले, सब-मीटर, कुणाचंच मेन मीटरशी जुळायचं न्हाई.

नाराज साहेब, तुमीपन बगा.

---

नाराज_ग्राहक

कोल्हापूरकर दादा, इतक्या प्रतिसादांत तुम्ही पहिले, ज्यांनी मला मूर्ख न ठरवता काहीतरी बघायला सांगितलं. बघतो.

तारतंत्री, तुमच्या सगळ्या लेखात हे कुठे होतं? भागाकारात रमलात.

---

तारतंत्री

फरक हिशोबात बसत असताना न्यूट्रल शोधायची गरज नव्हती. तरी मुद्दा योग्य आहे, मान्य.

ज्यांना मीटरचाच संशय आहे त्यांच्यासाठी: मीटरवर लुकलुकणारा दिवा असतो आणि बाजूला आकडा छापलेला असतो, पुष्कळ ठिकाणी ३२००. म्हणजे ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट. घरातलं सगळं बंद करा, फक्त १०० वॅटचा जुना पिवळा बल्ब लावा. दहा मिनिटांत साधारण ५३ वेळा लुकलुकायला हवा. फार पुढेमागे गेला तर रीतसर अर्ज करून, शुल्क भरून मीटर तपासून घ्या. ॲक्युचेक (मीटर तपासायचं यंत्र) लावून तुमच्यासमोर बघतात.

---

रेडिंगवासी

२४२ व्होल्टला १०० वॅटचा बल्ब १०० वॅटचा राहतो का हो?

---

तारतंत्री

नाही राहत. १०७-१०८ च्या आसपास जातो. दिवा ५७ वेळा लुकलुकेल. समाधान?

---

रेडिंगवासी

पूर्ण. नाहीतर उद्या परत पोस्ट फिरली असती, 'मीटर सात टक्के जोरात पळतंय'.

---

नाराज_ग्राहक

हसून घ्या.

बल्ब केला. ५६ मोजले, एखादा चुकला असेल. ई/एलचा दिवा बंद. अ‍ॅपमध्ये २४२ भरलं आणि मॉनिटरचा महिना रीडिंगच्या तारखेपासून लावून घेतला. गेल्या आठवड्यात मीटर ५४, पडदा ५५. तेव्हा युनिटपुरतं तुमचं म्हणणं बरोबर निघालं, अभिनंदन, हार-तुरे पाठवतो. त्या तीन ग्रुपवर दुरुस्ती मात्र टाकणार नाही, कारण बिल रुपयांत येतं आणि रुपयांचा प्रश्न तुम्ही एका परिच्छेदात गुंडाळलात. स्थिर आकारावरसुद्धा १६ टक्के शुल्क का, याचं उत्तर अजून आलेलं नाही.

---

मेतकूट

+१. आणि ठेवीचंही.

---

वरचा_मजला

@तारजोडणी_कोल्हापूर, ई/एलचा दिवा पेटलेला आहे. मोटर बंद केली तरी पेटलेलाच. ३बी ची खोली मेनवरून उतरवली की विझतो. माझ्या पुण्यातल्या वायरमनला फोन केला तर म्हणतो, "दिवा असाच असतो, लक्ष देऊ नका."

---

भाडेकरू_३बी

थांबा, '३बी'? तुम्ही कर्वे रोडवाले काका आहात का?

---

तारजोडणी_कोल्हापूर

मालक, त्या वायरमनला परत बोलवू नका. त्या खोलीची न्यूट्रल आदी सोडवून बगा, दुसऱ्या माणसाकडनं. मेन स्विच पाडून मगच हात लावायचा. आनि ह्या पोराला ह्या म्हैन्याचं बिल दाखवा.