मदत हवी आहे: जुन्या रेसर सायकलची चेन उडते, फ्रीव्हील कुठे मिळेल?

गिरणगावकर
मामाची जुनी रेसर चालती करतोय. चेन गंजून आखडली होती म्हणून नवी टाकली. सपाटीला ठीक चालते, पण करी रोडचा पूल चढताना जोर लावला की चेन कटकन उडते आणि पाय खाली आपटतो. सायकलवाला म्हणतो फ्रीव्हील, म्हणजे मागच्या चाकावरचा दातेरी चकत्यांचा गठ्ठा, बदला, पण ते काढायचं हत्यार त्याच्याकडे नाही. मुंबईत असलं फ्रीव्हील कुठे मिळेल? शनिवारच्या आत हवंय. 'नवी सायकल घ्या' हा सल्ला कृपया नको.

वर्नियर
असलं म्हणजे कसलं? सायकल कुठल्या कंपनीची? मागे चकत्या किती? चेन सगळ्या चकत्यांवर उडते की लहान चकत्यांवरच? फ्रीव्हीलवर काही कोरलेलं आहे का?

एकचगिअर
भाऊ, गिअरच काढून टाका. मी डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग), तारा, लिव्हर सगळं उतरवलं, मागे एकच चकती ठेवली. पावसाळ्यात तार गंजायची कटकट संपली. मुंबईत गिअर लागतातच कशाला?

घाटवाट
लागतात. मलबार हिल चढून बघा, किंवा बोरघाट. आणि गिअर ठेवू की काढू, हे त्यांनी विचारलेलंच नाही.

टायरट्यूब
जुन्या रेसरला बऱ्याचदा २७ × १¼ टायर असतो. दुकानात ७००सी गळ्यात मारतील, घेऊ नका. २७ इंचीचा रिमवर बसायचा व्यास ६३० मिमी, ७००सीचा ६२२. आपल्या काळ्या सायकलींचा २८ × १½ म्हणजे ६३५. एकाचा दुसऱ्यावर बसत नाही.

गिरणगावकर
टायर उत्तम आहेत. सायकल प्यूजो आहे, मामा बोटीवर होता तेव्हा, सत्तरच्या दशकात आणलेली. मागे पाच चकत्या, लहान दोनांवर चेन उडते. फ्रीव्हीलवर 'अ‍ॅटम' कोरलंय. आता तरी सांगा, कुठे मिळेल?

वर्नियर
प्यूजो आणि अ‍ॅटम! दोन्ही फ्रेंच. मग 'कुठे मिळेल' हा प्रश्न नंतरचा. फ्रीव्हील ज्या आट्यांवर फिरवून बसवतात, ते आटे कुठले हे आधी बघा.

चेन उडते ती चकत्या झिजल्यामुळे. नव्या चेनच्या २४ कड्या बरोबर १२ इंच भरतात, जुनी मोजा, नक्की जास्त भरेल. १/१६ इंच वाढली की चेन बदलायची असते. त्यापुढे चालवली की चकतीचे दातही तिच्याबरोबर झिजतात, आणि मग नवी चेन त्या दातांत बसत नाही. लहान चकत्यांना दात कमी, म्हणून तिथे आधी उडते. तेव्हा फ्रीव्हील बदला हे तुमच्या सायकलवाल्याचं बरोबर आहे.

पण बाजारात मिळणारं फ्रीव्हील इंग्लिश आट्यांचं असतं: व्यास १.३७ इंच, म्हणजे ३४.८ मिमी, आणि इंचाला २४ आटे. जुन्या फ्रेंच हबवर (चाकाच्या मधल्या तुंब्यावर) ३४.७ मिमी व्यास आणि १ मिमी पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, असू शकते. फरक एवढा बारीक की इंग्लिश फ्रीव्हील त्यावर फिरत जातं, बसल्यासारखं वाटतं, आणि पहिल्याच चढावर हबचे आटे सोलून काढतं. मग चाकच बाद. वर्नियर कॅलिपरने हा फरक खात्रीने कळणार नाही, थ्रेड गेज (आटे मोजायची दातेरी पट्टी) लागेल. नागदेवी स्ट्रीटला मिळेल.

लेथवाला
एवढं कशाला? छिन्नी लावा फ्रीव्हीलच्या पुढच्या रिंगवर, दोन घाव घाला, सुटेल. आतला भाग शिकंजात धरून चाक फिरवा. आयुष्यभर हेच केलंय.

वर्नियर
काका, पद्धत चालते, नाही म्हणत नाही. पण रिंग उघडली की छर्रे सांडतात आणि फ्रीव्हील संपलं. दुसरं हातात नसताना असलेलं फोडायचं? हत्याराने काढलं तर जुनं निदान पाच दिवस तरी वापरता येईल.

लेथवाला
हत्यार मिळालं तर ना! अ‍ॅटमचं हत्यार कुठल्या दुकानात आहे सांगा. पोरगं शनिवार म्हणतंय.

घाटवाट
माझ्याकडे आहे, बारीक खाचांचं, अ‍ॅटम-रेजिनाला बसणारं. दादरला येऊन घेऊन जा, व्यक्तिगत निरोप पाठवतो. कधीकधी एक्सलचा नट आणि वायसर काढल्याशिवाय ते आत पूर्ण बसत नाही. अर्धवट बसवून जोर लावलात तर खाचा जातील. हत्यार एक्सलवर कसून ठेवा, शिकंजात धरा आणि चाक स्टिअरिंगसारखं डावीकडे फिरवा. सुटलं की हत्यार लगेच सैल करा.

गिरणगावकर
आभार, आज संध्याकाळी येतो. आणखी एक. त्याच सायकलवाल्याने पॅडलजवळचा, क्रँकच्या एक्सलचं बेअरिंग धरणारा उजवीकडचा कपही काढायचा प्रयत्न केला. जोर लावून लावून आणखी घट्ट झाला. त्याचं काय?

वर्नियर
त्याने कुठल्या बाजूला फिरवला?

गिरणगावकर
घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने. म्हणाला, सगळ्या सायकलींना उजवा कप उलट्या आट्यांचा असतो.

वर्नियर
इंग्लिश पद्धतीच्या सायकलींना असतो, आणि आपल्या काळ्या सायकली त्याच पद्धतीच्या. फ्रेंच सायकलीत ३५ × १ मिमी, आणि दोन्ही कपांचे आटे सरळ. तो सोडवतोय समजून आवळत होता. डावीकडे फिरवायला सांगा. आधी रात्रभर तेल सोडून ठेवा.

क्रँकला कॉटर (क्रँक एक्सलवर पक्का धरणाऱ्या खिळी) असतील तर त्याही जपून. फ्रेंच कॉटर सहसा ९ मिमी, आपल्याकडची ९.५. मोठी ठोकून बसवू नका. पॅडलच्या दांड्यावर फ्रेंच 'डी' आणि 'जी' अक्षरं दिसली तर तीही सांभाळा, त्यांचे आटे १४ × १.२५ मिमी.

एकचगिअर
म्हणूनच म्हणतो, एक चकती.

घाटवाट
ती एक चकतीसुद्धा त्याच आट्यांवर बसवायची ना?

गिरणगावकर
फ्रीव्हील निघालं. वायसर काढल्यावर हत्यार नीट बसलं, शिकंजात चाक फिरवताना आधी हलेचना, मग एकदम कडकन आवाज आला आणि सुटलं. आट्यांत एक मिमीचं गेज अगदी चपखल बसतंय, २४चं पुढे जाऊन चढतं. म्हणजे फ्रेंचच. चोर बाजारात गेलो तर मिळेल?

वर्नियर
तिथल्या मटण स्ट्रीटला बघा, पण गेज खिशात ठेवा आणि मोजल्याशिवाय पैसे देऊ नका. नाही मिळालं तर तुमचाच रिम ठेवून ३६ छिद्रांच्या इंग्लिश आट्यांच्या हबवर चाक विणून घ्या. काळ्या सायकलीचा मागचा हब ४० छिद्रांचा असतो, तो घेऊ नका. आणि मागच्या फोर्कची आतली रुंदी मोजा. १२० मिमी असेल तर पाच चकत्यांचंच घ्या, सातचं मावणार नाही.

गिरणगावकर
१२० आहे. शनिवार जाऊ दे. हब बघतो, मूळ चाक तसंच ठेवतो. काळबादेवीत चाक विणणारा जुना कारागीर कोणाला माहीत असेल तर सांगा.