विघटन, विरणे, पिचणे, कुजणे : प्लास्टिकसाठी कोणता शब्द?

निफाडहून विचारते आहे. द्राक्षबागेवर टाकायच्या प्लास्टिक आच्छादनाविषयी शेतकऱ्यांसाठी मराठी माहितीपत्रक लिहिते आहे. उन्हाने कागद (शेतात या प्लास्टिकला कागदच म्हणतात) खराब होणे, मुद्दाम घातलेल्या रसायनाने तो लवकर तुटणे आणि जिवाणूंनी तो खाऊन संपवणे, या तिन्हींना सर्रास 'विघटन' म्हणतात. शाळेच्या पुस्तकात बुरशी-जिवाणूंना 'विघटक' म्हटलेलं असतं, त्यामुळे 'विघटनशील' वाचलं की माणसाला वाटतं, मातीत गेलं की संपलं. शेतात काय म्हणता?

दिंडोरीहून : ताई, विघटन कोणीच म्हणत नाही. बोट लावताच फाटायला लागला की कागद 'पिचला'. शेडनेट 'विरते'. नळी 'तडकते'. कुजतं ते शेणखत आणि पाचट; कागद कुजला असं मी तरी ऐकलेलं नाही.

नाशिकरोडहून, रसायनशास्त्र शिकवते : दादांचा 'पिचणे' घ्याच. शुद्ध पॉलिथिलीन, म्हणजे या कागदाचं मूळ प्लास्टिक, सूर्याचे अतिनील किरण फारसे शोषत नाही. शोषतात ते त्यात राहिलेले उत्प्रेरकाचे अंश आणि ऑक्सिडेशनने आलेले कार्बोनिल गट (कार्बन-ऑक्सिजनच्या जोड्या). त्यातून मुक्त मूलकं, म्हणजे रेणूंचे अतिशय क्रियाशील तुकडे, तयार होतात, हवेतला ऑक्सिजन त्यांना जोडला जातो, हायड्रोपेरॉक्साइड नावाची अस्थिर संयुगं बनतात, तीही फुटून आणखी मूलकं देतात. रेणूंच्या लांब साखळ्या मधेच तुटत गेल्या की लवचिकपणा जातो. ठिबकच्या काळ्या नळीत दोन-अडीच टक्के कार्बन ब्लॅक (काजळीसारखी पूड) असतं, ते किरण अडवतं, म्हणून ती टिकते. पारदर्शक आच्छादनात ते चालत नाही. तिथे 'हाल्स' नावाचे अमाइनवर्गीय स्थिरक (प्लास्टिक टिकवणारी रसायनं) घालतात, ते मूलकांना पकडतात. भुरी या बुरशीच्या रोगासाठी मारलेलं गंधक कागदावर बसलं, की त्यापासून होणारी आम्लं नेमके हेच स्थिरक निकामी करतात. बागेतला कागद लवकर पिचण्याचं हे एक मोठं कारण आहे, पत्रकात जरूर लिहा.

याच्या अगदी उलट, काही पिशव्यांत लोह, मँगनीज किंवा कोबाल्टचे क्षार घालतात. ते हायड्रोपेरॉक्साइड झपाट्याने फोडतात. या मालाला 'ऑक्सो-विघटनशील' म्हणतात आणि माझा आक्षेप या नावालाच आहे. तुकडे लवकर होतात, पण ते पुढे कुजतीलच असं नाही. युरोपीय संघाने २०१९ च्या निर्देशाने असा माल बाजारात आणायला बंदी केली, ती ३ जुलै २०२१ पासून लागू झाली.

निफाड : मग 'विरणे' कसा वाटतो? ऐकायला गोड आहे.

नाशिकरोड : गोड आहे, पण इथे नको. कापड विरतं म्हणजे झिरझिरीत होतं, ढग विरतात म्हणजे दिसेनासे होतात. वाचणारा दुसरा अर्थ घेईल. उन्हाने किंवा क्षारांनी होतं ते 'पिचणे', जिवाणूंनी होतं ते 'कुजणे'. कंसात पारिभाषिक शब्द हवा तर 'प्रकाश-अपघटन' आणि 'जैवविघटन' लिहा. 'अपघटन' दहावीच्या मुलांनाही ओळखीचा आहे.

दिंडोरी : मल्चिंगच्या, म्हणजे जमिनीवर अंथरायच्या, कागदाचंही लिहा ताई. पिचलेला कागद वेचायला मजूर मिळत नाहीत, मग लोक वरूनच रोटाव्हेटर (माती भुसभुशीत करणारं यंत्र) फिरवतात. 'पिचतो, कुजत नाही, आधी वेचा' एवढं ठळक अक्षरात छापा.