युद्ध नको म्हटलं की भेकड?

गिरगावकर:
काल आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एकाने टाकलं, 'युद्ध नको म्हणणाऱ्या भेकडांना आधी सीमेवर पाठवा.' खाली अंगठ्यांची रांग. टाकणारे गृहस्थ लिफ्ट बंद पडली तर दुसरा मजला चढत नाहीत! रात्रभर डोक्यात राहिलं, म्हणून इथे लिहितोय. बाबू गेनू, वय २२, गिरणी कामगार. १२ डिसेंबर १९३० ला काळबादेवीत परदेशी कापडाच्या ट्रकपुढे आडवा झाला. हातात काही नाही. ट्रक अंगावरून गेला. हा भेकड?

परळचा_पम्या:
बाबू गेनूला हात जोडतो. पण हिटलरच्या रणगाड्यापुढे आडवं पडून काय झालं असतं? आणि तुमचे गांधी १९१८ ला खेडा जिल्ह्यात इंग्रजांच्या फौजेसाठी भरती करत फिरत होते. ते विसरायचं का?

खडूस_मास्तर:
पम्या, गल्लत करतोयस. भ्याडपणा की हिंसा एवढंच उरलं तर हिंसा पत्करा, हे गांधींनीच १९२० ला लिहिलंय. शांततावादी त्याहून कडक. ब्रिटनमध्ये १९१६ ला सक्तीची भरती आली, तेव्हा बंदूक उचलणार नाही म्हणून हजारो जण तुरुंगात गेले.

सुलभा_मावशी:
७१ ला मी सात वर्षांची, लालबागच्या चाळीत. भोंगा झाला की दिवे बंद. काचांना काळा कागद, खळीने चिकटवलेला. एका कोपऱ्यात फाटला, तर आईने काचेवरच शाईचं बोट फिरवलं. आजी निरांजन विझवेना. खालून पोरं बोंबलतायत, 'तिसरा मजला, दिवा!' आई रडकुंडीला आली होती.

परळचा_पम्या:
मावशी, खळ नाही, डिंक. आमच्या घरी डिंक होता.

सुलभा_मावशी:
तुझा जन्म तरी झाला होता का रे?

चौथा_मजला:
तेव्हा अंधार मुद्दाम करायचे. आमच्याकडे जनरेटरची वर्गणी देऊन दीड वर्ष झालं, अजून जिन्यात मोबाईलची बॅटरी लावून चढतोय.

गिरगावकर:
जनरेटरचा वेगळा धागा काढा हो! ओंबळ्यांचं बोला. २६/११ च्या रात्री हातात नुसती लाठी, आणि कसाबच्या बंदुकीची नळी धरून ठेवली.

परळचा_पम्या:
ओंबळे आधी फौजेत होते, साहेब. आणि लाठी काय पूजेला असते? शौर्य दिसलं की लगेच तुमच्या खात्यात जमा करू नका.

गिरगावकर:
बरं बाबा, ओंबळे तुमचे. बाबू गेनू मात्र देणार नाही.

परळचा_पम्या:
ठेवा. माझा सख्खा भाऊ फौजेतून आला. दिवाळीत सुतळी बॉम्ब वाजला की मोरीत जाऊन कडी लावतो. युद्ध नको असं त्याने म्हणावं. एसीत बसून तुम्ही नाही.

खडूस_मास्तर:
आणि त्याने म्हटलं, की त्या ग्रुपवर तोही भेकड?

परळचा_पम्या:
मास्तर, भावावर जायचं नाही. सांगून ठेवतो.

खडूस_मास्तर:
मी गेलो नाही. ती पोस्ट गेली.

सुलभा_मावशी:
आत्ता बहिणीला फोन करून विचारलं. खळच होती. झुरळं लागायची म्हणाली.