मान-खांदा गेलाय, लूप्स घेऊ की स्टूल बदलू?

दाढेश्वर:
घोडबंदर रोडला दातांचं क्लिनिक आहे, छोटा गाळा, चेअर एकच. शेवटची आरसीटी (रूट कॅनॉल) संपेपर्यंत उजवा खांदा दगड झालेला असतो, वरच्या दाढा असल्या की विचारूच नका. सेल्सवाला म्हणतो लूप्स (भिंगं बसवलेला चष्मा) घ्या, बायको म्हणते आधी स्टूल बदल, बजेट एकाचंच आहे. काय करू?

नौपाडावाली:
डॉक्टर, आधी सांगा तुमच्या चेअरचं डोकं भिंतीला टेकलंय का? आपल्याकडच्या गाळ्यांत बहुतेकांचं तेच असतं, मागे जायला जागाच नाही, मग माणूस दिवसभर नऊच्या पोझिशनला (पेशंटचं डोकं घड्याळाचे बारा धरलं तर त्याच्या बाजूला) बसून कंबरेतून वाकडा. वरच्या दाढांना सरळ बाराला, पेशंटच्या डोक्यामागे बसायचं, चेअर पूर्ण आडवी, पेशंटची हनुवटी वर आणि मिररमध्ये बघून काम. तोंड आपल्या कोपराच्या उंचीला. पेशंट म्हणतो "एवढं आडवं नको हो" की आपण लगेच चेअर उचलतो आणि स्वतःची मान मोडून घेतो, हा भिडस्तपणा आधी सोडा.

फिजिओ_वाशी:
मुंग्या येतात का आणि कुठल्या बोटांत? अंगठा, तर्जनी, मधलं बोट रात्री बधिर होत असेल तर मनगटात नस दबत असू शकते, करंगळीकडे असेल तर कोपर किंवा मान बघावी लागते. वस्तू हातातून सुटत असतील तर खरेदी राहू दे, आधी हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. आणि बोथट स्केलर (दातांवरचा थर खरवडायचं हत्यार) वापरू नका, धार गेली की चिमटीत जास्त जोर लागतो.

कोपरखैरणेकर:
माझं मत स्टूल आधी. लूप्सचं वर्किंग डिस्टन्स, म्हणजे डोळ्यापासून दातापर्यंतचं अंतर, आपण ज्या स्टूलवर बसतो त्यावर ताठ बसूनच मोजायचं असतं, वाकून मोजलं तर पैसे देऊन वाकणंच विकत घेतलं. डिक्लिनेशन अँगल (भिंगं खाली किती झुकलेली आहेत तो कोन) पण बघा, कमी असेल तर मान 20 अंशांच्या पुढे झुकतेच. सुरुवातीला 2.5एक्स (अडीचपट मोठं दाखवणारे) भरपूर. मी सॅडल स्टूल (खोगिरासारखी बैठक असलेलं) वापरतो, मांड्या खाली उतरत्या राहतात त्यामुळे कंबरेची कमान टिकते, पण बसायची उंची वाढते, म्हणून पेशंटची चेअर पण तेवढी वर जायला हवी, हे विकणारा सांगत नाही.

दाढेश्वर:
मुंग्या नाहीत. चेअर टेकलीच आहे मॅडम, मागे ऑटोक्लेव्हचं (हत्यारं निर्जंतुक करायच्या यंत्राचं) कपाट, ते रविवारी हलवतो. सॅडलवर एकदा बसून बघता येईल का कुठे?

कोपरखैरणेकर:
या की माझ्याकडे, दुपारी क्लिनिक रिकामंच असतं, मेसेज टाका.