मदत हवी आहे: डोळ्यात जमायचं जेल बाटलीतच जमतंय

नमस्कार मंडळी,

मी नागपुरात एम. फार्म.च्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्ट टिमोलॉल या काचबिंदूवरच्या औषधाच्या थेंबांचा आहे: बाटलीत पाण्यासारखे पातळ, डोळ्यात पडले की जेल. विषय मीच मागून घेतला. आजीला काचबिंदू आहे, सकाळ-संध्याकाळ थेंब मी घालते आणि दर वेळी निम्मं औषध गालावर ओघळताना बघते. एक थेंब ३० ते ५० मायक्रोलिटरचा, आणि डोळ्यात एरवी अश्रू असतात जेमतेम ७ मायक्रोलिटर. तिथे तो मावणार कसा? काही भाग नाकात उतरून रक्तातही जातो, म्हणून तर थेंब घातल्यावर नाकाकडचा कोपरा दाबून धरायला सांगतात.

मी पोलॉक्सामर ४०७ हे तापल्यावर जमणारं पॉलिमर घेतलंय. थंड पाण्यात ते छान विरघळतं. तापलं की रेणूचा मधला भाग पाणी सोडतो, मायसेल (रेणूंचे सूक्ष्म गोळे) तयार होतात, ते एकमेकांना खेटून बसतात आणि जेल जमतं. ४ अंशांवर रात्रभर ठेवून २० टक्क्यांचं द्रावण केलं. ते २४ अंशांवरच घट्ट झालं. म्हणजे फ्रीजबाहेर काढलं की संपलं.

मग त्याच कुळातलं पोलॉक्सामर १८८ पाच टक्के घातलं. जमण्याचं तापमान ३१ वर गेलं. खूप बरं वाटलं. पण कृत्रिम अश्रू ४० ला ७ या प्रमाणात मिसळले, तर ३४ अंशांवर, म्हणजे डोळ्याच्या पृष्ठभागाच्या तापमानाला, जेल होतच नाही. पातळ झाल्यावर ४०७ उरतं १७ टक्के, हे हिशेबाने कळतं. ४०७ वाढवलं की बाटलीत जमतं, १८८ वाढवलं की डोळ्यात जमत नाही. परीक्षानळी तिरकी करून आणि चुंबकी कांडी थांबण्यावरून, दोन्ही पद्धतींनी तपासलंय. सहा आठवडे यातच गेले.

एचपीएमसी (द्रावण दाट करणारं पॉलिमर) घालून बघू का? की दोन्ही पोलॉक्सामरचं कुणाला जमलेलं प्रमाण आहे? कृपया सांगा, आता खरंच अडले आहे.

प्रतिसाद

तुमचं मोजमाप बरोबर वाटतंय. एचपीएमसीने चिकटपणा वाढेल, मूळ अडचण तशीच राहील. मे महिन्यात तुमच्याकडची खोली डोळ्यापेक्षा गरम असते. नुसत्या उष्णतेवर जमणाऱ्या जेलला खोली कुठली आणि डोळा कुठला, हे कळणार कसं? कुठलंही प्रमाण घेतलंत तरी बाटली फ्रीजमध्येच ठेवावी लागेल.

अश्रूंत असं काय आहे जे बाटलीत नाही? सोडियम आणि कॅल्शियम. त्यावर जमणारा गेलन गम (एक प्रकारचा डिंक) बघा. टिमोलॉलचे असे थेंब बाजारात आलेले आहेत आणि ते दिवसातून एकदाच घालायचे असतात, साधे दोनदा. आजींची एक वेळ वाचेल.

करताना दोन गोष्टी सांभाळा. गेलन गरम पाण्यात, साधारण ९० अंशांवर विरघळवा. आणि द्रावण अश्रूंशी समपरासारी (म्हणजे परासरण दाब अश्रूंइतकाच) करायला मीठ घालू नका, मॅनिटॉल (साखरेसारखा, क्षार नसलेला पदार्थ) घाला. मीठ घातलंत तर पुन्हा बाटलीतच जमेल.

पोलॉक्सामरचे सहा आठवड्यांचे आकडे मात्र प्रबंधात नक्की द्या, अश्रू मिसळल्यानंतरचे तर आधी.

धागाकर्ती

मनापासून आभार. गेलन विभागात आहे का ते उद्या सकाळीच बघते. कृत्रिम अश्रूंत मी सोडियम क्लोराइड ०.६७, सोडियम बायकार्बोनेट ०.२ आणि कॅल्शियम क्लोराइड ०.००८ टक्के घेते. गेलनसाठी हेच चालेल ना?

प्रतिसाद

चालेल. फक्त कॅल्शियम विसरू नका, इतकं कमी असलं तरी गेलन जमण्यात त्याचाही वाटा असतो.